खणातल्या दोन चिठ्ठ्या

प्रिय ताई,

भावोजी काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जातात हे वाचून बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंस, 'मशीनच बंद होतं, त्याला तू तरी काय करणार.' ते वाचल्यापासून मला मान वर करवत नाही.

आमच्या रुग्णालयातल्या स्कॅनच्या खिडकीचा कारभार तुला ठाऊक नाही. मशीन निम्मं सरकारच्या पैशातून आलं, निम्मं कंपनीच्या. म्हणून रोज पाच स्कॅन फुकट, बाकीच्यांना पैसे. पाच चिठ्ठ्यांपैकी तीन मी रांगेत वाटतो आणि दोन खणात ठेवतो, मोठ्या साहेबांचा फोन कधी येईल याचा नेम नाही. असा नियम कुठेच लिहिलेला नाही. आधीच्या कारकुनाने मला शिकवलं, मी नव्या मुलीला. 'साहेबांचा वाटा' म्हणून आम्ही हसायचोसुद्धा.

त्या शनिवारी भावोजी रांगेत चौथे होते. मेहुण्याला अडचण नको म्हणून मला न कळवताच आलेले. महिनाभर डोकं दुखतं, हातातून वस्तू पडतात, असं अर्जावर होतं. आमची नजरानजर झाली. नवी मुलगी शेजारीच होती. घरच्या माणसाला चिठ्ठी दिली तर ती काय म्हणेल, असं वाटलं आणि मी म्हणालो, "आजच्या संपल्या. सोमवारी या."

"बरं साहेब," म्हणून ते परक्यासारखे वळले. ताई, तेव्हा मला स्वतःच्या सचोटीचं कौतुक वाटलं. दुपारी त्या दोन्ही चिठ्ठ्या साहेबांच्या ओळखीतल्या, गाडीतून आलेल्या जोडप्याला गेल्या. सोमवारी भावोजींना सुट्टी मिळाली नाही आणि त्याच आठवड्यात ते कामावर कोसळले. मेंदूतली गाठ आधी दिसली असती तर अंगाची उजवी बाजू वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. मशीन बंद होतं हे भावोजींनीच रचून तुला सांगितलं. माझी अब्रू त्यांनी झाकली आणि मी झाकू दिली.

मशीन का बंद होतं, असा तू रुग्णालयाला केलेला अर्ज उत्तरासाठी माझ्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, बंद होतं असंच लिहून टाक. मी लिहिलंय की मशीन दिवसभर चालू होतं, दोन मोफत चिठ्ठ्या शिल्लक होत्या आणि खिडकीवरच्या कारकुनाने त्या नाकारल्या. ते उत्तर दोन दिवसांनी टपालात पडेल. खालची सही तू लगेच ओळखशील. त्या कागदावरून कळण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझाच धाकटा