चीक पाण्याने जात नाही

२ नोव्हेंबर, रविवार

एक जीव! फक्त एक! आणि आता चीक पाण्याने धुतला की तोही वाचला!

ऋत्विकने आज माझ्या मंत्राची वाट लावली. तीन वर्षं दर रविवारी आम्ही चौघं त्याच्या माडीवर बसून जो खेळ खेळतो, तो आता पुस्तक होऊन डिसेंबरात छापायला जाणार. फासे, राक्षस, मांत्रिक, कातळसड्याखालची भुयारं — सगळं आमचं आम्ही रचलेलं. त्यात चाळीस मंत्र. त्यातला ‘चीक’ माझा. सगळ्यात खालच्या पायरीचा. माझी मांत्रिक चिमा काजूच्या टरफलातला कातडी जाळणारा चीक शत्रूवर उडवते. मग दर फेरीला त्याच्या जिवांतला एक जातो, तो चीक काढून टाकेपर्यंत. बस्स. ना आग, ना वीज.

तर म्हणे फार भारी पडतो! लॅपटॉपवर दहा हजार लुटुपुटूच्या लढाया लावून बघितल्या होत्या साहेबांनी. ‘पहिल्या पायरीच्या मंत्राने ब्रह्मराक्षस मरता कामा नये, मनू.’ का मरता कामा नये? ब्रह्मराक्षसाला कातडी नसते?

संस्कृतीने लगेच तोडगा काढला. तिचा योद्धा कायम सगळ्यांच्या पुढे, त्यामुळे मागे कोण मेलं-जगलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ‘पाण्याने धुवायचा. पाणी सगळ्यांकडे असतंच.’ ऋत्विकने ते टाइप करून टाकलंसुद्धा.

मी म्हटलं, चीक पाण्याने जात नाही.

‘तुला काय माहीत?’ ऋत्विक म्हणाला.

‘वाचलंय कुठेतरी.’

वाचलंय! लाज वाटायला हवी मला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रेशनच्या दुकानात यंत्रावर आईचा अंगठा आजही उठला नाही. दुकानदार म्हणे, ‘नीट घासून या.’ घासून! बावीस वर्षं ती काजूच्या कारखान्यात काजी फोडायला बसते. बोटांवरच्या रेषा चिकाने कधीच खाल्ल्या. आता काय घासायचं शिल्लक आहे?

आमच्या खेळाच्या टेबलावर हे कुणालाच माहीत नाही. पहिल्याच रविवारी संस्कृतीने सहज विचारलं होतं, ‘तुझी आई काय करते?’ तिची आई कॉलेजात शिकवते. मी म्हटलं, ‘घरीच असते.’ तोंडातून निघून गेलं. मग तीन वर्षं ते तसंच राहिलं.

म्हणजे जो मंत्र आईच्या हातांवरून उचलला, त्याची बाजू मांडताना आईचंच नाव घेता येत नाही. बरोबर अद्दल घडली!

९ नोव्हेंबर, रविवार

कडाक्याचं भांडण.

ऋत्विक — ‘खेळात खरं-खोटं नसतं, बॅलन्स असतो.’ मी — ‘मग तुझा आगीचा बाण पाण्यात विझतो कशाला? विझू देऊ नकोस!’

अद्नान बोटीवर नोकरीला, एरवी तिथून फोनवर खेळतो; सध्या सुट्टीला आलाय, जानेवारीत परत जाईल. तो एकटा माझ्या बाजूने. पण तोही म्हणाला, ‘मने, कायतरी पुरावा दे ना गं.’ पुरावा हातखंब्याला आमच्या घरी बसला होता, तांदूळ निवडत.

शेवटी ऋत्विक म्हणाला, आपल्या सगळ्यांना खाचाखोचा माहीत आहेत. कधीच न खेळलेलं एखादं माणूस आणा, चिमा त्याच्या हाती देऊ, आणि खरंच कसं होतं ते बघू. त्यानंतर नियम पक्का.

‘मी आणते,’ मी म्हटलं.

हेही तोंडातून निघून गेलं. पण या वेळी फिरवणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आईला विचारलं. ‘पत्त्यांसारखा काय?’ थोडंसं तसंच, म्हटलं. ‘आनि माझा काय काम तितं?’ राक्षस मारायचा. ‘एवढाच ना.’

भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तितं मी कोन म्हनून येयाचा?’

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून कोण जाणे. फोनवर बोलताना ऐकलं असेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘आई म्हणून,’ मी म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आई आली. ठेवणीतलं लुगडं, दोन्ही हात पदराखाली. ऋत्विकने ‘या काकू’ म्हणून खुर्ची दिली, चिमाचं चित्र पुढे ठेवलं. चित्रात पन्नाशीची बाई, काळे हात. आईने ते बराच वेळ बघितलं.

फासा मात्र असा टाकला की टेबलावरून खाली गेला! अद्नानने पलंगाखालून काढून दिला. पाच पडले होते. चीक ब्रह्मराक्षसाच्या खांद्यावर बसला. पुढच्या फेरीला ऋत्विक म्हणाला, ‘काकू, राक्षस पऱ्ह्याच्या पाण्यात उतरतो आणि खांदा धुतो. चीक गेला.’

‘नाय गेला.’

‘नियम आहे, काकू.’

‘आसंल. पन नाय जायाचा.’ आणि आईने पदराखालून हात काढले. टेबलावर ठेवले, फाशांच्या शेजारी. ‘बावीस वर्सा काजी फोडतेय मी. पान्यानं पसरतो त्यो, सगळ्या अंगाला लागतो. राख चोळायची, नायतर तेल.’

संस्कृती हातांकडे बघत होती, मग माझ्याकडे. मीही तिच्याकडे बघितलं. बघ, म्हटलं, नीट बघ! ‘माझी आई कारखान्यात आहे. घरी असते असं सांगितलं होतं ते खोटं होतं.’ एका दमात बोलले.

‘चला, राक्षसाची पाळी,’ अद्नान म्हणाला. गुणी आहे तो.

ऋत्विकने पाण्याचा नियम खोडला. माझ्यासमोर! मी जिंकले! टाळी द्यायला हात वर केला, तेवढ्यात आईने चित्रावर बोट ठेवलं.

‘आनि हिच्या हातांना काय झाला?’

कुणाच्या?

‘ह्या चिमाच्या. हातानंच टाकते ना ती? मग तिला नाय भाजला?’

मी खेळाची वही चाळली. तीन वर्षांत चिमाने शेकडो वेळा चीक उडवला असेल. तिचा एकही जीव गेलेला नाही. काळे हात मी फक्त चित्रात काढले होते, शोभेला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मी नोकरी करते त्या लॅबच्या काउंटरवर रिपोर्टच्या पाठीमागे नियम लिहिला. रक्त द्यायला आलेले आजोबा म्हणाले, ‘माझी साखर वाढली की काय?’ नाही हो आजोबा, राक्षसाची घटवतेय.

नियम असा — चीक उडवला की उडवणारीचाही एक जीव जातो. आधी हातांना तेल चोळलं तर जात नाही. पण तेल चोळायला एक पाळी खर्च होते.

हे ऋत्विकसमोर झुकणं नाही. हे माझं मी दुरुस्त केलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

बसला! दहा हजार लढायांत चीक आणि आगीचा बाण अगदी बरोबरीला आले. ऋत्विक खुर्चीवरून उठून नाचला. ‘हेच हवं होतं मला!’ मी म्हटलं, तुला हवं होतं ते पाणी. हे माझ्या आईने दिलंय. पुस्तकात तिचं नाव घालायचं त्याने लगेच कबूल केलं. पुस्तक सोमवारी, एक तारखेला छपाईला जाणार.

घरी येऊन आईला नियम वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला.

‘तेल लावायला एक पाळी फुकट जाते?’

‘हो. नाहीतर मंत्र भारी होतो.’

‘आमच्याकडं पन तसाच. मजुरी किलोवर. तेल लावीत बसला तर किलो भरत नाय. म्हनून बाया तशाच बसतात.’ हातमोजे एकदाच दिले होते म्हणे. फाटले, तेव्हा मुकादम म्हणाला, तुमचे तुम्ही आणा.

मग विचारते, ‘ही चिमा लढते कुनासाठी?’

‘राजासाठी.’

‘मग तेल राजानं नको द्यायला?’

मी खो खो हसले. म्हटलं आता नियम बदलला तर ऋत्विक जीव देईल. आई हसली नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आईने या वहीतलं एक कोरं पान मागितलं. कशाला, ते सांगेना. ओटीवर वाडीतल्या बायका जमल्या होत्या. मी गेले की गप्प व्हायच्या.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी सात वाजता कारखान्याचा टेम्पो आला. हॉर्न वाजवत राहिला. आई ओटीवरून उठली नाही. शेजारच्या राहीकाकी उठल्या नाहीत. वाडीतल्या अकरा जणींतली एकही चढली नाही. आईने माझ्या वहीतलं पान मुकादमाच्या हातात दिलं — तेल आणि हातमोजे मालकाने द्यावेत, तेल लावायचा वेळ कामात धरावा, तोवर आम्ही येणार नाही.

खाली अकरा अंगठे. नुसते काळे गोल, एकातही रेष नाही. सह्या सगळ्यांना येतात. अंगठे मुद्दाम दिलेत.

मी ऋत्विकला फोन केला. छपाई थांबव. तेल राजा देणार.