आभाराच्या आधीचं बोलणं

बाबा, या वर्षी संक्रांत झाल्या झाल्या खाप्यात तुरीचा सरकारी काटा लागला. सावनेरला नाही, आपल्या खाप्यात, बाजाराच्या ओट्यांमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हमीभावानं खरेदी, आणि तीही निम्म्या घरांची तूर अजून अंगणात वाळत होती तेव्हा. तुम्हाला हे कोणी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही त्याला बसायला सांगितलं असतं, पाणी दिलं असतं आणि मग शांतपणे विचारलं असतं, "कायचं इलेक्शन आहे गा यंदा?" इलेक्शन नव्हतं, बाबा. कमेटीनं केलं. तुमच्या कमेटीनं.

तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, धान्य सल्लागार समिती की काहीतरी, पण आपल्या घरात ती नुसती कमेटी. कोणतं धान्य सरकारनं कधी घ्यायचं, कुठे काटा लावायचा, कसला माल परत पाठवायचा, याचा सल्ला देणारी. तिच्यात साहेब लोक होते, शेतकी कॉलेजातले एक शास्त्रज्ञ होते, अडत्यांचा माणूस होता, दालमिलवाले होते आणि एक शेतकरी होता. तो एक म्हणजे तुम्ही. बैठकीचं पत्र आलं की तुम्ही खुंटीवरचा पांढरा सदरा उतरवून आईला इस्त्रीला द्यायचा. वर्षातून जितक्या वेळा तो सदरा खाली यायचा तितक्या वेळा आम्हाला कळायचं की बाबा उद्या नागपूरला चाललेत सल्ला द्यायला.

सल्ला कुठला. तुमच्याकडे एकच काम असायचं आणि ते म्हणजे आभार. कोणी ठरवलं होतं कोण जाणे, पण शेतकरी सदस्यानं शेवटी उठायचं आणि आभार मानायचे, ही तिथली रीतच पडून गेली होती. मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. सकाळची वेळ आहे, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, आणि तुम्ही सदऱ्याला डाग पडू नये म्हणून बनियनवरच उभे राहून म्हणताय, सन्माननीय अध्यक्ष महोदय, उपस्थित अधिकारीवर्ग. प्रत्येकाचं नाव हुद्द्यासकट. चहा देणाऱ्या शिपायाचंही तुम्ही विसरायचा नाहीत. आई तव्यावरची भाकरी उलटते आणि मागे न बघता म्हणते, "जेवाले बोलावलेल्या पाहुण्यानं ताटं उचलावी तसं आहे तुमचं." तुम्ही हसता. "बोलावतात तं खरं," म्हणता आणि पुन्हा अध्यक्ष महोदयांपासून सुरू करता.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला सोबत नेलं होतं. मी सातवीत असेन. मोठा हॉल, लांब टेबल, टेबलावर हिरवं कापड. मला मागच्या भिंतीजवळ खुर्ची मिळाली आणि एक समोसाही मिळाला, तो मी पुरवून पुरवून खाल्ला. साहेब बोलले, शास्त्रज्ञ बोलले, दालमिलवाले तर बरंच बोलले. तेव्हा ते तरुण होते, गळ्यात सोन्याची साखळी. मग तुम्ही उठलात. घरी म्हटलेलं सगळं तसंच म्हटलंत, शिपायापर्यंत आलात आणि हात जोडलेले असतानाच एक वाक्य जास्तीचं बोललात, जे स्वयंपाकघरात मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या भागात तूर संक्रांतीला घरात येते आणि सरकारी काटा लागतो होळीच्या सुमारास, तोही सावनेरला, तर याचा विचार व्हावा. एवढंच. अध्यक्ष कागद आवरत होते. ते हसून म्हणाले, "आभारात मागणी नसते हो." सगळं टेबल हसलं. तुम्हीसुद्धा हसलात, हात जोडलेलेच होते.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. सावनेर आलं तसे तुम्ही माझ्याकडे वळलात. मग कोपरानं मला हलवलंत. "काहून वं, गप काहून आहेस?" मी म्हटलं, ते तुम्हाला हसले. "हसले म्हणजे आयकलं तं खरं," म्हणालात. मला ते पटलं नाही आणि पुढे कितीतरी वर्षं पटलं नाही. त्या वर्षीही काटा होळीलाच लागला. तोवर आपली तूर अडत्याकडे कधीच गेली होती, आपलीच काय, गावात कोणाच्याच घरात पोतं शिल्लक नव्हतं. आणि तरी सावनेरच्या काट्यापुढे तुरीची रांग होती. ती तूर कोणाच्या गोदामातून येते हे लहान मुलांनाही ठाऊक होतं.

ओट्यावर बसणारे तुम्हाला छेडायचे. कमेटीवाले, सरकारले काय सल्ला देऊन आले मग? तुम्ही म्हणायचा, या वर्षी पाऊस कमी पाडा म्हणून सांगून आलो. पण खरं सांगायचं तर त्या कमेटीतून काहीच मिळालं नाही असंही नाही. मी सोबत आले त्याच्या आधीच्या एका बैठकीतून तुम्ही नव्या तुरीचं बियाणं आणलं होतं, सदस्यांना भेट म्हणून दिलेली छोटीशी पिशवी. ती तुम्ही घरात ठेवली नाहीत. ओसरीवर बसून मुठीमुठीनं वाटलीत. आपल्याकडे जी तूर आज लवकर पिकते ती त्या पिशवीतली. म्हणजे गंमत बघा, कमेटीनंच दिलेल्या बियाण्यानं आमची तूर लवकर यायला लागली आणि कमेटीचा काटा मात्र होता तिथेच राहिला.

तुम्ही गेल्यावर त्या खुर्चीत कोण कोण बसलं मला माहीत नाही. मी लग्न करून नागपुरात नंदनवनला आले, शेत मात्र सोडलं नाही. शनिवार-रविवार खाप्याला, बाकीचे दिवस इथे लिहिणं, शिकवणी आणि आई. चार गावच्या शेतकऱ्यांनी मिळून तूर एकत्र विकायचा गट काढला, त्याचं काम माझ्याकडे आलं आणि त्या कामामुळे कमेटीचं पत्र. त्यांना एक शेतकरी हवा होता आणि एक बाई हवी होती. दोन्ही रकाने माझ्या एकटीत भरले. आई पत्र ऐकून म्हणाली, "सदरा नाही तं साडीले इस्त्री कर." आणि बैठकीच्या आदल्या दिवशी कार्यालयातून सचिवांचा फोन, "ताई, आभार तुमच्याकडे आहेत बरं का."

मी मानले. पहिल्यांदा मानले, पुढच्या खेपेलाही मानले. छान मानले. मला ते येतच होतं, तुमच्या बनियनवरच्या तालमी ऐकून ऐकून. दालमिलवाले आता म्हातारे झालेत, साखळी तीच आहे. ते जवळ येऊन प्रेमानं म्हणाले, अगदी वडिलांवर गेलात, तेही असेच सुंदर आभार मानायचे. मला राग यायला हवा होता. पण माझे डोळे भरून आले, कारण त्या हॉलमध्ये तुम्हाला ओळखणारा तेवढा एकच माणूस उरला होता. घरी येताना मात्र वाटत राहिलं की या माणसाला तुमचे आभार आठवतात, ते जास्तीचं वाक्य आठवत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीआधी सचिवांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, आभार नको, मी प्रास्ताविक करते. मग ते म्हणाले, प्रास्ताविक कार्यालय करतं ताई. मी म्हटलं, कार्यालयानं या खेपेला आभार मानावेत. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन बसले. ते चिडले नाहीत, ते बिचारे गोंधळले. शेवटी म्हणाले, मॅडमना विचारून सांगतो. मॅडम म्हणजे नव्या अध्यक्ष, नुकत्याच बदलून आलेल्या, तिथल्या रीती अजून अंगवळणी न पडलेल्या. त्या म्हणाल्या म्हणे, करू द्या की, काय फरक पडतो.

फरक पडला, बाबा. शेवटी उठणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, कारण लोकांनी चपला शोधायला सुरुवात केलेली असते. सुरुवातीला सगळे ताठ बसलेले असतात, पेनांची टोपणं काढलेली असतात. मी स्वागत केलं आणि मग तुमचं वाक्य बोलले. तुमचंच, फक्त हात न जोडता. आमच्याकडे तूर संक्रांतीला घरात येते. काटा लागतो होळीला. मधल्या काळात ज्याला घर चालवायचं आहे तो विकून मोकळा होतो. मग आपण जी खरेदी करतो ती शेतकऱ्याकडून करतो का?

दालमिलवाल्यांनी हात वर केला. ते तावातावानं बोलत नाहीत, समजावल्यासारखं बोलतात. लवकर घेतली तर तूर ओली असते ताई, म्हणाले, सरकारचं नुकसान होईल. शास्त्रज्ञांनी मान हलवली, ओलीचा प्रश्न आहेच. एका क्षणी मला वाटलं, संपलं. आता कोणीतरी हसेल आणि पुढचा विषय येईल. त्याआधीच मी म्हटलं, "ओली असेल तर परत पाठवा. पण दार उघडून परत पाठवा. बंद दारावरून आम्ही किती वर्षं परत जायचं?"

कोणी हसलं नाही. मॅडमनी विचारलं, मग तुमच्या मते कधी सुरू व्हावं? बाबा, त्या टेबलावर आपल्यातल्या कोणाला तरी हा प्रश्न विचारला गेला. तुम्ही इतकी वर्षं तो सदरा घालून ज्या प्रश्नासाठी गेलात तो हाच असणार. मी म्हटलं, नोंदणी संक्रांतीच्या आत, संक्रांत झाली की काटा, आणि एक काटा खाप्यात. त्यांनी शास्त्रज्ञांकडे पाहिलं. आणि शास्त्रज्ञ भला माणूस निघाला. म्हणाला, त्या पट्ट्यात लवकर येणारं वाण आहे, त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आपली तारीख जुनी आहे. मॅडमनी तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगितलं. शेवटी आभाराची वेळ आली तर कोणाचीच तयारी नाही. दालमिलवाल्यांना उठवलं. ते अडखळले, शास्त्रज्ञांचं नाव चुकले, शिपायाचं तर विसरलेच. मी आणि तो शिपाई एकमेकांकडे बघून हसलो.

म्हणून आता कोणी विचारलं, की असल्या समित्या शेतकऱ्याच्या कामाच्या असतात का, तर मी पूर्वीसारखं पटकन नाही म्हणत नाही. हो असंही म्हणत नाही. या वर्षी बारदाना, म्हणजे रिकामी पोती, कमी पडला, दोन दिवस काटा बंद होता. काहींची तूर खरंच ओली निघाली आणि त्यांनी परत नेताना मला चार शब्द सुनावले. पुढच्या वर्षी मॅडमची बदली होईल आणि तारीख पुन्हा होळीकडे सरकू लागेल, तेव्हा मला पुन्हा कार्यालयात जाऊन बसावं लागेल. मी बसेन. तुमच्या काळात ती कमेटी तुमच्याकडून नुसते आभार घेतच राहिली, हे मला आता दिसतं. पण ती खुर्ची तुम्ही कधी रिकामी सोडली नाहीत, हेही दिसतं.

काट्याच्या पहिल्या दिवशी खाप्यात काय गर्दी होती. ट्रॅक्टर, बैलबंड्या, मोटारसायकलवर मधोमध पोतं घातलेले लोक. ज्यांची तूर वाळून तयार होती ते सगळे पहाटेच आले होते. बाया डब्यात तिळाचे लाडू घेऊन. पहिलं पोतं काट्यावर चढलं, माणसानं वजन मोठ्यानं वाचलं आणि ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं ओरडून सांगितलं, "परत वाच गा, आयकून कान धाले नाही." सगळे हसले, आणि त्यानं परत वाचलं. मी शेडच्या या टोकापासून त्या टोकाला नुसती धावत होते. पावत्या, पाणी, कोणाची सही राहिली, कोणाला उन्हात भोवळ आली. मी इतकी खूश कधी झाल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी नंदनवनला पोचले. आईनं दार उघडलं, माझे धुळीनं पांढरे झालेले केस पाहिले आणि पदरानं पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "आज तुह्या बाबाची लय आठवण आली असन न वं." मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आली नव्हती, बाबा. दिवसभरात एकदाही नाही.