सरळ मेणबत्तीचा आठवडा

सोमवार, ४ मार्च. सकाळी ११.
आईची चांदीची दोन कँडलस्टँड आज घरी आली. आठवडाभरासाठी. ताई लहान फ्लॅटमध्ये राहायला चालली आहे, सामान वाटून टाकते आहे. ही जोडी मला द्यायची की धाकट्या भावजयीला, हे म्हणे तिचं ठरायचं आहे. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येईल तेव्हा सांगेल.
मला मोह नाही. पण भावजय त्यांत पेनं ठेवेल, हे मला आत्ताच दिसतं आहे.
लहानपणी वीज गेली की आई ही कपाटातून काढायची. त्या उजेडात आम्ही दोघी गृहपाठ करायचो. म्हणजे ताई करायची. मी बोटाच्या टोकावर मेण घ्यायचे.
ताई जाताना म्हणाली, ओरखडा दिसता कामा नये आणि मेणबत्ती डुलता कामा नये. हे मला सांगते. शाळेच्या चॅपलमधल्या मेणबत्त्यांचं काम वर्षभर माझ्याकडे होतं.

मंगळवार, ५ मार्च.
सहा मेणबत्त्या आणल्या, सायीच्या रंगाच्या. वरच्या वाटीत सैल बसतात, पडायला आलेल्या दातासारख्या. काळजी नाही. वाटीत वितळलेल्या मेणाचे चार थेंब टाकले, मेणबत्ती दाबून धरली, शंभर आकडे मोजले. ताठ उभी राहिली.
ह्यांनी दार लावलं. पडली.
ह्यांना दार लावण्याची पद्धत नाही.

दुपारी ३.
बुडाभोवती वर्तमानपत्राची घडी गुंडाळली. घट्ट. हे आले, वाकून वाचलं आणि उरलेली बातमी कुठे आहे म्हणून विचारलं. शिवाय मेणबत्ती खालपर्यंत जळली तर कागद पेटेल, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. हे म्हणतात, त्यांनीच सांगितलं. असो. घडी काढली.

बुधवार, ६ मार्च.
जाड मेणबत्त्या आणल्या. दुकानदार एक छोटी डबी दाखवत होता, मेणबत्ती चिकटवायचं मऊ मेण. वाटाण्याएवढं लावा, काम झालं, म्हणाला. मी नम्रपणे सांगितलं की आम्हाला हे नन्सनी शिकवलं आहे. त्याने डबी परत फळीवर ठेवली. पटलं असावं.
जाड मेणबत्त्या वाटीत जात नाहीत. सुरीने बूड तासलं. उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं, पण ते आत जाणार, कोण बघतंय. आत गेलं आणि तुटून तिथेच राहिलं. सुरीच्या टोकाने कोरून काढलं.
वाटीच्या काठावर एक ओरखडा आहे. तो आधीपासूनच असावा.

गुरुवार, ७ मार्च.
वाटीत मेणाचा थर बसला आहे. भावजयीचा फोन आला, सहज म्हणे. तिच्या मते गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ धरायचं, मेण बोटाने निघतं, पण उकळतं पाणी अजिबात वापरायचं नाही. मी हो हो म्हटलं. तिला जोडी हवी आहे, हे तिच्या आवाजावरून कळतं.
मोठ्या पातेल्यात पाणी उकळून एक स्टँड वीस मिनिटं ठेवलं. मेण सुटलं. मागोमाग बुडातून काहीतरी काळं, दाट निघालं. किती वर्षांची काजळी ती. आईच्या काळातली. मला भरून आलं. जरा वेळ पातेल्याजवळच बसले.

शुक्रवार, ८ मार्च.
हे म्हणतात स्टँड कललं आहे. मी म्हटलं टेबल कललं आहे. ह्यांनी दुसरं स्टँड शेजारी आणून ठेवलं. ते सरळ होतं. ह्यांना नेहमीच पुरावे लागतात.
चांदीकाम करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. म्हणाला, बाई, ह्यात चांदी म्हणजे नुसतं कातडं आहे, आत राळ भरलेली असते, वजन तिचं आणि ताठपणाही तिचाच. मग त्याने विचारलं, "उकळलंत?"
मी म्हटलं, एका मैत्रिणीने उकळलं.
"मैत्रिणीला सांगा, पुन्हा उकळू नका."
दुरुस्तीला तीन आठवडे. रविवार परवा.

शनिवार, ९ मार्च.
ती डबी आणली. वाटाण्याएवढं मेण, जरा दाबून जरा फिरवलं. हे दार आपटून पाहत होते, मेणबत्ती हलली नाही. शाळेतल्या सिस्टरकडेही अशीच डबी असायची, आत्ता आठवतं. मेणबत्त्या त्याच बसवायच्या. मी काड्यांची पेटी धरायचे.
पण जबाबदारीने धरायचे.
कललेल्या स्टँडमध्ये मेणबत्ती उलट बाजूला कलती लावली. आता मेणबत्ती सरळ दिसते. पुढे फुलदाणी. ताईला चष्म्याशिवाय कळायचं नाही.

रविवार, १० मार्च. जेवणानंतर.
ताई चष्मा लावून आली.
आधी तिने सूप संपवलं. मेणबत्त्या खरंच सुंदर जळत होत्या. मग तिने फुलदाणी बाजूला केली, मेणबत्ती विझवली, स्टँड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.
"पातेल्यात?"
मी हो म्हटलं. मैत्रीण मला ऐन वेळी आठवलीच नाही.
ताई रागावली नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अगं, दोन्ही भावजयीलाच द्यायचं ठरवून आले होते. तुझ्या हाती काही धड राहत नाही, मला भीती वाटायची. पण असलं वाकडं तिला कसं देऊ? हे तू ठेव."
सरळ स्टँड तिने टॉवेलमध्ये गुंडाळून नेलं.
म्हणजे मी नीट सांभाळलं असतं तर एकही मिळालं नसतं. ताईला दारापर्यंत सोडून आल्यावर मी हे ह्यांच्यापुढे मांडलं. मला वाटलं होतं, निदान आज तरी माझ्या व्यवहारज्ञानाचं कौतुक होईल.
हे बशा उचलत होते. म्हणाले, मग दोन्ही का नाही उकळलीस?