युए-च्याओला दिलेले मिआओलीचे घर

मी, ल्यू रुइ-लियेन, वय एकाहत्तर, राहणार मिआओली, मानसिक आजारांच्या चाचण्या घेण्याच्या कामातून निवृत्त, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत आहे. खात्रीसाठी माझ्या जुन्या सहकारी डॉ. फान यांनी रीतसर तपासले. बुद्धी तपासायला मी इतरांकडून काढून घेत आले तेच घड्याळाचे चित्र मला काढायला लावताना त्यांनाच हसू आवरेना.

१. राहते घर धाकटी बहीण युए-च्याओ हिला. भाऊ कुआंग-शंग हरकत घेईल, ती वेडी आहे म्हणेल. म्हणून नोंदवते. आई गेल्यावर ती जेवेना, बोलेना, तेव्हा त्यानेच तिला शहरातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात नेले. तपासणाऱ्याने सरकारी भाषेत, मंदारिनमध्ये, तारीख विचारली. आमच्या घरी हाक्का बोली बोलत आणि दिवस चंद्राच्या पंचांगाने मोजत. तिने तिथी सांगितली. काळाचे भान नाही, असा शेरा पडला. पुढे ती गप्पच राहिली, तर तोही आजारच ठरला. अकरा वर्षे ती आत होती.

चाचण्यांचा हा विषय मी तिच्यासाठी शिकले. पुढे माझ्या वरिष्ठांनी तिची चाचणी नव्याने घेतली. ते विचारत, मी हाक्कात सांगे. सगळे संपल्यावर ती म्हणाली, "ताई, एवढंच होतं? मग आधीच नीट का नाही विचारलं कुणी?" तिला वेड नव्हते, दुःख होते.

तिची खोली मी सजवून ठेवली होती. ती इस्पितळातून सुटून आली, वाडगाभर शेवया खाल्ल्या आणि म्हणाली, "रागावू नकोस. मला कुणी न्याहाळणार नाही अशा ठिकाणी राहायचंय. तूसुद्धा बघतेस ना, तपासल्यासारखी." ताइतुंगला समुद्रकाठी ती सीताफळे विकते. एखाद्या नववर्षाला येते. त्या आठवड्यात मी उगाच फाटकाशी घुटमळत राहते. घर तिने विकावे, राहावे, बंद ठेवावे. अट नाही.

२. आईची मुळा खारवायची बरणी कुआंग-शंगला. त्याच्यावर राग आहेच, पण मुळा तो अगदी आईच्या हातचा वाटावा असा खारवतो.

३. चाचण्यांचे ठोकळे व चित्रे डॉ. फान यांच्या विद्यार्थ्यांना. समोरच्याला आधी विचारा, घरी कुठल्या भाषेत भांडता? मग ठोकळ्यांची पेटी उघडा.

४. माझी राख ताइतुंगच्या किनाऱ्यावर, तिच्या दुकानाजवळ ठेवावी. जिथून लाटा ऐकू येतील, पण येता-जाता तिच्या नजरेला पडणार नाही अशा जागी. तिला आधी विचारावे. नको म्हणाली, तर नको.

सही: ल्यू रुइ-लियेन
साक्षीदार: डॉ. फान शू-छिन, शेजारी चुंग आ-थिएन
मिआओली, ९ नोव्हेंबर २०२३