डावीकडची खिडकी धरा

प्रिय भटकभवानी,

तुझा फोन बंद आहे आणि तू खोलीचं दारही लावून बसली आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. बंद दाराखालून सरकवता येईल अशी एकच गोष्ट माझ्यापाशी आहे, ती म्हणजे कागद. तेव्हा मावशीचं हस्ताक्षर वाचण्याची शिक्षा भोग. माझ्या विद्यार्थ्यांनी ती वर्षानुवर्षं भोगली आहे आणि त्यातले बरेच जण आज सुखात आहेत.

आधी एक कबुली, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. मी चर्चासत्राला गेलेले नाही. तुझ्या आईला तसं सांगितलं खरं, कारण 'चर्चासत्र' हा शब्द ऐकला की ती पुढचं काही विचारत नाही. मी हे लिहिते आहे एका सुताराच्या दुकानावरच्या खोलीत बसून. खाली रंधा चालू आहे, वर ओल्या लाकडाचा वास येतो आणि खिडकीतून तळं दिसतं. बसचा रस्ता इथेच संपतो. आता तुझ्या लक्षात आलं असेल. होय, तीच खोली. जिन्याची चौथी पायरी हलते असं तू लिहिलं होतंस, म्हणून मी अजून धडधाकट आहे. घर सुताराचं आणि पायरी मोडकी, हा तुझा शेरा मी त्याला वाचून दाखवला. गिऱ्हाइकांची कामं उरकली की आधी तेच करणार, म्हणाला. म्हणजे कधीच नाही.

तुला आठवतं, मागच्या सुट्टीत तू माझ्या फोनवर खातं उघडून दिलंस? मावशे, नुसतं बघ तरी मी काय लिहिते ते, म्हणालीस. मी बघायला बसले ते शुद्धलेखनाच्या चुका काढायला. हातात लाल पेन नव्हतं एवढंच. चुका भरपूर सापडल्या, 'पाठिमागे' तर तू आजन्म ऱ्हस्व लिहिणार आहेस. पण इतक्या जागांबद्दल लिहूनही तू 'निसर्गरम्य' हा शब्द एकदाही वापरला नव्हतास, तिथे मी हरले. त्याऐवजी तू लिहिलं होतंस की या बसमध्ये डावीकडची खिडकी धरा, तिसऱ्या वळणानंतर दरी उघडते, मात्र शेवटच्या सीटवर बसू नका, हाडं मोजता येतील. इतकं उपयोगी गद्य मी फार दिवसांत वाचलं नव्हतं.

मग मला नादच लागला. तुझ्या वयाची पोरं पाठीवर बोचकी घेऊन, नकाशात नाव नसलेल्या गावांना जायचं कसं, हे त्या प्रतिक्रियांच्या रांगेत एकमेकांना विचारत असतात. तुझी रीत मी तिथेच शिकले. फोटोंवर जायचं नाही, फोटोखालच्या तक्रारी वाचायच्या. त्याही जुन्या नाहीत, गेल्या आठवड्यातल्या. 'एकदम स्वर्ग' म्हणणाऱ्याला सोडून द्यायचं आणि 'बस तासभर उशिरा आली, पण' असं म्हणणाऱ्याला गाठून पुढचे प्रश्न विचारायचे. मीही एकदा धीर करून विचारलं, 'आपण उल्लेखिलेली खानावळ सांप्रत चालू आहे काय?' त्यावर कुणीतरी लिहिलं, हे खातं नक्की बनावट आहे, असं कोण बोलतं. दुसऱ्यानं लिहिलं, माझे आजोबा बोलतात. मात्र तिसऱ्या एका मुलीनं सरळ उत्तर दिलं की काकू, चालू आहे, पण सोमवारी बंद. तिला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

तू म्हणशील, मावशी, पण तू निघालीस कशी? मलाही नीट सांगता येत नाही. आयुष्यभर वर्गात 'गच्छामि, गच्छावः, गच्छामः' घोकून घेतलं आणि रोज त्याच बसनं त्याच घरी परत आले. तुझे काका गेल्यावर तर भाजी आणायलाही गल्लीबाहेर जाईनाशी झाले. घर अंगावर येतं म्हणतात, तसं माझं झालं नाही. मीच घराच्या अंगावर पडून राहिले. तू हे सगळं बघत होतीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस, फक्त खातं उघडून दिलंस. हे मला बसमध्ये डावीकडच्या खिडकीशी बसल्यावर कळलं. मास्तरणीला अर्थ उशिराच लागतो.

खानावळीतली गोष्ट तर तुला सांगायलाच हवी. एकटी बाई टेबलाशी बसली की वाढपी विचारतो, अजून कोण यायचंय? तू लिहून ठेवलं होतंस की हो म्हणायचं, निवांत जेवायचं आणि निघायचं. मी हो म्हटलं. त्यानं समोर दुसरं ताट मांडलं. मी ते उचलायला लावलं नाही. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच मी पोटभर जेवले, आणि निघताना वाढप्याला सांगितलं की त्यांना उशीर होतोय. तोही शहाणा, मान डोलावून म्हणाला, होतं असं.

सोमवारी संध्याकाळी धक्क्यावर, जिथे फोनला रेंज मिळते, तुझं खातं उघडायला गेले तर ते जागेवर नव्हतं. तुझा फोन लागेना, म्हणून तुझ्या आईला लावला, तेव्हा सगळं कळलं. तू लिहिलेल्या ओढ्यापलीकडच्या एका वाटेनं सहा जण गेले, पाणी चढलं, रात्रभर पलीकडे अडकले, एका मुलीचं मनगट मोडलं. सगळे घरी पोचले आहेत, हे देवाचे उपकार.

तुझी आई म्हणते, माझ्या लेकीची काय चूक? आयांचा तो धर्मच आहे. मावशीचा नाही. तुझी चूक आहे. ती वाट तू चालली नव्हतीस. कुणाच्या तरी व्हिडिओवरून लिहिलीस, आणि त्या व्हिडिओत ओढा घोट्याएवढा होता. 'मी गेलेले नाही' एवढंच लिहायचं राहिलं. मुलीच्या वडिलांनी लिहिलेलं मी वाचलं, त्यांचा राग खरा आहे. त्याखाली तुटून पडलेल्या शेकडो लोकांचा राग उसना आहे, तो त्यांच्याकडेच राहू दे. तू त्या मुलीच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून आलीस, हे ऐकून मात्र मला तुझा अभिमान वाटला. तिच्या आईनं चहा दिला नाही म्हणे. नसेल दिला.

आमच्या शास्त्रात, ज्यानं स्वतः पाहिलं आणि पाहिलं तसंच सांगितलं, त्याला आप्त म्हणतात. त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालावं. मराठीत आपण त्या शब्दाचे नुसते नातेवाईक करून टाकले, ज्यांच्या शब्दावर चालणं सहसा शहाणपणाचं नसतं. तू एका वाटेच्या बाबतीत आप्त नव्हतीस. पण पन्नाशी उलटलेली एक बाई तुझ्या शब्दावर चालत इथवर आली. बस तू सांगितलीस तशीच आली, दरी तिसऱ्या वळणालाच उघडली. खाली उतरलेल्या दोन मुली, नर्सिंग शिकतात, त्याही तुझं वाचूनच आल्या आहेत. तुला काय म्हणतात ठाऊक आहे? 'पायरीवाली ताई.' त्या उद्या परत निघताहेत, त्यांच्याच हाती हे पत्र पाठवते.

आता पत्राचं खरं कारण. या प्रवासाचे तू पाच भाग केले होतेस. मी रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा भाग वाचायची, पुढचं आधी वाचायचं नाही असं ठरवून. तीन भाग झाले आणि चौथा तू दाराआड घेऊन बसलीस. तळ्यापलीकडे उतरून कुठे वळायचं ते मला माहीत नाही. सुतार म्हणतो उजवीकडे, होडीवाला म्हणतो डावीकडे. दोघंही कित्येक वर्षांत पलीकडे चाललेले नाहीत, पण मतं ठाम आहेत आणि काल त्यावरून जुंपली. परतीची बस रोज सकाळी सुटते, पण मला परत यायचं नाही. खातं पुन्हा उघड, असंही मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. तू ये. खोलीत दुसरी खाट आहे, तिच्यावर माझी पिशवी ठेवून मी सुताराला भाची येतेय म्हणून सांगून टाकलं आहे. येताना जाड मोजे आण, माझ्यासाठीही. पलीकडच्या रानात जळवा आहेत की नाहीत, हे पाहून आलेली एकच व्यक्ती माझ्या ओळखीची आहे, आणि ती सध्या कडी लावून बसली आहे.

तुझीच, तळ्याच्या अलीकडे अडकलेली,
मावशी