झुलता कान

प्रिय बाबा,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून चक्रावू नका. फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून आईच्या हातात फोन देऊन मोकळे होता. पत्राला तसं करता येत नाही. बातमी अशी की तुमच्या कपाला बक्षीस मिळालं. पण लगेच खूश होऊ नका. पुढचं वाचलंत की तुम्हालाही माझ्यासारखीच शिसारी येईल.

सुट्टीत तुमच्या शेजारी बसून मी तो कप केला, तेव्हा त्याचा कान मुद्दाम घट्ट बसवला नव्हता. एका खिळीवर झुलता ठेवला होता, म्हणजे हात थरथरून कलला तरी कप आपला सरळ. तुम्ही तो महिनाभर वापरलात, चहाचे डाग पाडलेत, आणि खिळी कुठे अडकते तेही तुम्हीच सांगितलंत. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आमच्या सरांनी तो कप बघितला आणि मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांनी बाजूला ठेवला. लोकांसमोर असलं काही नेतात का, म्हणाले. मग पांढराशुभ्र, चकचकीत नवा नमुना करवून घेतला. आतून भरीव, थेंबभर पाणी मावायचं नाही. आणि कान? झुलता कान मांडणीत लेचापेचा दिसतो म्हणून तो चक्क चिकटवायला लावला! ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच चिकटवून टाकलं. वर पडद्यावर दाखवायला एका गुबगुबीत, हसऱ्या आजोबांचा फोटो दिला. त्यांच्या हातून जन्मात काही सांडलं नसेल.

तुम्हाला ठाऊक आहे, चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते. काकू मला मुखदुर्बळ म्हणते ते काही खोटं नाही. भरलेल्या सभागृहात मी उभी राहिले, आजोबा पडद्यावर आले आणि पाठ केलेलं पहिलंच वाक्य मी विसरले. सर खालून ओठ हलवून मला शब्द पुरवत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या परीक्षकबाईंनी गोड आवाजात विचारलं, की हे आजारपण वगैरे जरा कमी करून कप फिकट गुलाबी करता येईल का? बाबा, मला ओकारी आली. पण गंमत बघा, किळस पोटात शिरली आणि भीतीला तिथे जागाच उरली नाही. मी पिशवीतून तुमचा कप काढला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि तुमचा हात थरथरतो तसा हात थरथरवत तो तोंडाला लावला. दोन-चार थेंब सांडलेच. सांगितलं, की एवढं सांडतं. पूर्वी अर्धा कप सांडायचा. कान का झुलता हवा तेही सांगितलं, आणि हा पांढरा कप खोटा आहे हेही. आवाज जरासुद्धा कापला नाही. बाईंनी मात्र पाणी चार हात लांब असूनही पर्स छातीशी घेतली आणि नाक मुरडलं.

ते नाक मी ओळखलं. काकूचं होतं ते. तुमचा चहा टेबलावर सांडला तेव्हा तिने खुर्ची मागे सरकवून अगदी असंच तोंड केलं होतं.

बक्षीस मिळालं ते पांढऱ्या कपाला, ‘स्वच्छ मांडणी’साठी. तो आता काचेच्या कपाटात विराजमान आहे. सर माझ्या धीटपणाचं श्रेय घेत हिंडताहेत. मला त्या सगळ्यांचा वीट आलाय.

आता मुद्द्याचं. रविवारी काकूकडची मंडळी जेवायला येणार आहेत आणि तुम्ही ताट आतल्या खोलीतच मागितलंय, हे आईने मला सांगितलं. तो चहा सांडला त्या दिवसापासून पाहुणे आले की तुम्ही आत जेवता, हेही. बाबा, किळस यायचीच तर तुमच्या हाताची का यावी? मी शनिवारी येतेय, डागाळलेला कप घेऊन. तुम्ही बाहेर बसायचं, टेबलाच्या मधोमध, आणि मी तुमच्या शेजारी. सांडलं तर सांडू दे, मी पुसेन. आणि कोणी खुर्ची मागे सरकवली, तर त्यांच्याशी काय बोलायचं तेही मीच बघेन.

तुमचीच,
मुखदुर्बळ