पाणी भरपूर मुरते आहे

सोमवार, ता. ५ फेब्रुवारी १९३४
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, कुणाला दाखवायची नाही.
अकरा वर्षं मी सब-ओव्हरसियर. एप्रिलात ओव्हरसियरची जागा रिकामी होते आहे. ती मला मिळालीच पाहिजे. अर्ज काय, सगळेच करतील. मी शोध लावणार.
शोध असा: मुरुमाच्या रस्त्यांना चाकोऱ्या पडतात, कारण आपण पाणी कमी घालतो. गिलाव्यावर पाणी मारलं की गिलावा पक्का होतो, मग मुरुमानेच काय घोडं मारलंय? इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात येऊ नये, कमाल आहे.

ता. ७
पेठ रस्त्याच्या नव्या तुकड्यावर एक्स्पेरिमेंट. तीन भाग, प्रत्येकी तीस फूट. पहिला कोरडा, दुसरा बेताचा ओला, तिसरा भरपूर ओला. तिन्हींवर दगडी रूळ फिरवायचा, मग खडीने भरलेली बैलगाडी प्रत्येकावरून दोनशे वेळा न्यायची आणि चाकोरी किती खोल गेली ते फूटपट्टीने मोजायचं.
गाडी महेबूबची. मूळचा मालेगावचा, आमची खडी वाहतो. त्याने विचारलं की साहेब, दोनशे वेळा जाऊन पोचायचं कुठे? म्हटलं, सायन्समध्ये पोचायचं नसतं.
पाण्याला भागीबाई. वीस वर्षं रस्त्याच्या कामावर आहे. ओला मुरूम मुठीत आवळते. गोळा टिकला आणि तळहाताला काही चिकटलं नाही, की म्हणते पानी पुरं. मला हसूच आलं. पण दुसरा भाग तिच्या मनासारखा करू दिला. आपलं मन मोठं पाहिजे.

ता. ८
तिसऱ्या भागात ऐंशी घागरी ओतवल्या. भागीबाई म्हणाली, लय पानी झालं सायेब, आता भातच लावा हितं. लक्ष दिलं नाही.
दुपारी रूळ रुतला. बाहेर काढायला दोन तास. किरकोळ गोष्ट.

ता. १०
प्रत्येकी साठ फेऱ्या झाल्या. मोजमाप:
पहिला भाग दीड इंच. धुरळा उडतोय, चाकोरी वाढतेच आहे.
दुसरा पाव इंच. वीस फेऱ्यांनंतर जी थांबली ती थांबली, केसभरही पुढे जात नाही.
तिसरा साडेचार इंच.
घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्या भागाखाली कातळ असणार, त्याशिवाय असं होणं शक्य नाही. बाजूला खणून पाहिलं. कातळ नाही. जरा खोल असेल.

ता. १२. सकाळी ९
तिसऱ्या भागात त्र्याहत्तराव्या फेरीला गाडी कण्यापर्यंत बसली. महेबूब म्हणतो, साब, बैल तुमच्याकडे बघताहेत, जरा लांब उभे राहा. राहिलो.
महत्त्वाची नोंद: गाडी बसल्यापासून तिसऱ्या भागातली चाकोरी मुळीच वाढलेली नाही! थिअरी सिद्ध होत चालली.

ता. १३
रिपोर्ट रवाना. आमचे नवे इंजिनिअर साहेब विलायतेचे, पण मराठीची परीक्षा पास झालेले. वाक्प्रचारांची वही कायम खिशात असते म्हणे. म्हणून मुद्दाम मराठीत लिहिला. साधा, जोरदार:
'तिसऱ्या भागात पाणी भरपूर मुरते आहे. या कामी मी स्वतः जातीने लक्ष घालतो. गाडीवाला सामील आहे. भागीबाई मात्र सुरुवातीपासून विरोध करते.'
वाचून मलाच समाधान वाटलं.

ता. १६
साहेब सोमवारी जातीने येताहेत! बरोबर ऑडिटर आणि फौजदार. हेडक्लार्कने सांगितलं आणि हळूच विचारलं की घरी कल्पना दिलीत का? म्हटलं, पेढे घेऊनच सांगेन. बिचाऱ्याला हेवा वाटला असावा, पाठीवरून हात फिरवून गेला.
फौजदार गर्दी आवरायला असणार. दोन हार सांगितले. एक साहेबांना, एक आपला असू द्यावा.

सोमवार, ता. १९
साहेब आले. हार घातला, त्यांनी लगेच काढला. विचारलं, पाणी कुठे मुरतं? मी छाती पुढे काढून सांगितलं, वरपासून खालपर्यंत, साहेब! मुरवतो कोण? म्हटलं, मीच. कधीपासून? रोज, रविवारीसुद्धा. फौजदार एकेक शब्द लिहून घेत होता. मला अगदी भरून आलं. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.
मग पुरावा बघायला साहेब तिसऱ्या भागात उतरले ते थेट गुडघ्यापर्यंत. भागीबाईने हात धरून बाहेर ओढलं आणि म्हणाली, चोरीबिरी काय नाय सायेब, ह्यांनी खरंच पानी मुरवलंय. घागरीनं!
साहेबांनी माझ्याकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं आणि असे हसत सुटले की ऑडिटरने त्यांना धरलं. मग वही काढून काहीतरी लिहिलं. दुसऱ्या भागावरून सहा वेळा मोटार नेली, ओरखडाही नाही. हा कोणी केला म्हणाले. मी तोंड उघडेपर्यंत भागीबाईने मूठ आवळून दाखवली.
फौजदार कशाला आला होता हे मला आत्ता, लिहिता लिहिता कळलं. अरे बाप रे!
पण जाताना साहेब म्हणाले की तुमचा मोजमापाचा तक्ता फर्स्ट क्लास आहे, ऑर्डर पाठवतो. तक्ता माझा! म्हणजे जागा माझीच.

ता. २४
ऑर्डर आली.
ओव्हरसियरची जागा दुसऱ्याला. तिसरा भाग उकरून पुन्हा करणे. यापुढे कुठल्या रस्त्याला पाणी किती, हे भागीबाई ठरवील. तिच्या हाताखाली, पाणी वेळेवर पुरवण्यास, एक अनुभवी आणि जबाबदार माणूस नेमण्यात येत आहे. पुढे माझं नाव.
अनुभवी आणि जबाबदार. असं लेखी कितीजणांना मिळतं?

ता. २६. सकाळी ७
कामावर हजर. भागीबाई म्हणाल्या, आणखी दोन घागरी लागतील.
आणल्या.